नाक तासांवर चालतं, थायरॉइड आठवड्यांवर

सकाळचे सव्वासहा. डोळे अजून नीट उघडले नाहीत आणि पहिली शिंक. मग लागोपाठ सात-आठ. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज, "झालं का सुरू?" उशाशी तांब्या-भांडं, शेजारी गोळ्यांची बाटली. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडचं कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी, गोळी केवढीशी असते ते घेणाऱ्यांना ठाऊक आहे. शिंकेच्या झटक्यात ती माझ्या हातून दोनदा पलंगाखाली गेली आहे. तेव्हापासूनचा माझा पहिला नियम: शिंका संपू द्या, मगच झाकण फिरवा.

मला कॉलेजपासून ॲलर्जिक ऱ्हायनायटिस आहे, घरच्या भाषेत 'हिला बारमाही सर्दी'. चौतिसाव्या वर्षी त्यात हाशिमोटो थायरॉइडायटिसची भर पडली. नव्याने निदान झालेल्या मैत्रिणी, भाच्या, ऑफिसातली मंडळी फोन करतात, "दोन्ही निघालंय, आता काय करायचं?" त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्याकडे मिळतात दहा मिनिटं, बाकीचा दिवस आपल्यालाच काढायचा असतो.

सुरुवातीला माझा सगळ्यात मोठा घोळ वेळेचा झाला. नाकाचं घड्याळ तासांचं. माळ्यावरची बॅग काढली की दहा मिनिटांत वाहायला लागतं, गोळी घेतली की तास-दोन तासांत थांबतं. थायरॉइडचं घड्याळ आठवड्यांचं. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, आणि डोस बदलल्याचा खरा परिणाम टीएसएचमध्ये (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतलं हार्मोन; थायरॉइड कमी पडला की त्याचा आकडा चढतो) दिसायला ६ ते ८ आठवडे. आज अंग जड आहे म्हणून आजच्या आज थायरॉइडला बोल लावला, किंवा दोन महिने रेंगाळलेली मरगळ 'सर्दीच असेल' म्हणून सोडून दिली, की फसलात. मी दोन्ही करून बसले आहे.

पायरी १: दोन्ही आजारांची पूर्ण नावं काढा

आपल्याकडे 'तिला थायरॉइड आहे' म्हणतात, जणू बाकीच्यांना तो नसतोच. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती सगळ्यांना असते. प्रश्न ती कमी काम करते की जास्त, आणि का, हा आहे. ऑटोइम्यून प्रकारांतले दोन मुख्य. हाशिमोटोमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा ग्रंथीला हळूहळू निकामी करते आणि हार्मोन कमी पडत जातं. ग्रेव्ह्जमध्ये तीच यंत्रणा ग्रंथीला डिवचत राहते आणि हार्मोन जास्त होतं. तुमच्या फाइलवर यातलं कुठलं नाव आहे ते आधी बघा. सर्दीची कुठली गोळी चालेल, हे बरंचसं त्यावर ठरतं.

हाशिमोटो हे आडनाव आहे. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइड ग्रंथींचा अभ्यास जर्मन भाषेत छापला. तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी अशा रुग्णांच्या रक्तात असतात, हे लंडनच्या संशोधकांनी १९५६ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी पुण्यातून गाजरगवताची नोंद झाली, तेच गाजरगवत जे आज माझं नाक लाल करतं. माझ्या दोन्ही दुखण्यांचं जन्मसाल एक निघालं याची मला उगाचच गंमत वाटते.

रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओचा, म्हणजे याच थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडींचा, आकडा मोठा दिसला की माणसं हादरतात. ती तपासणी निदानापुरती. एकदा पॉझिटिव्ह आली की दर वर्षी पुन्हा करून आकडा वर गेला की खाली आला हे बघत बसण्यात पैसे जातात, उपचार काही बदलत नाही. लक्ष ठेवायचं टीएसएचवर, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा फ्री टी४वर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन).

आता नाक. ॲलर्जीची खूण म्हणजे खाज. नाक खाजतं, टाळू खाजते, डोळे चोळावेसे वाटतात, शिंका ओळीने येतात, पाणी पातळ असतं. ताप नसतो. आठवड्यात ४ दिवसांहून जास्त आणि सलग ४ आठवड्यांहून जास्त हा त्रास असेल तर डॉक्टर त्याला कायमस्वरूपी प्रकारात धरतात, आणि मग 'शिंका आल्या की गोळी' एवढ्यावर भागत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. थायरॉइड हार्मोन कमी असेल तर नाकाच्या आतलं अस्तर तसंच सुजून नाक चोंदू शकतं, ॲलर्जीशिवाय. निदानाच्या आधीचं वर्षभर माझं नाक बंद असायचं, पण शिंका नाहीत, खाज नाही. मी आपली ॲलर्जीच्या गोळ्या बदलत राहिले. शेवटी टीएसएच वाढलेला निघाला, थायरॉक्सिन सुरू झालं आणि तीन महिन्यांत रात्रीचं नाक मोकळं झालं. शिंका मात्र आहेत तिथेच आहेत. म्हणून नाक नुसतं चोंदलेलं आहे की खाजतंही आहे, एवढा फरक आजपासून टिपायला लागा.

एकामुळे दुसरा झाला का, हे सगळेच विचारतात. दोन्हींत संरक्षण यंत्रणाच चुकते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. नाकात ती आयजीई नावाच्या अँटिबॉडीमार्फत धुळीला शत्रू समजते, गळ्यात स्वतःच्याच ग्रंथीला. दोन्ही आजार इतके सर्रास आहेत की एकाच माणसात भेटले तर नवल नाही. गोळ्या घेऊन घेऊन थायरॉइड झाला असं शेजारच्या काकूंनी सांगितलं तर ऐकून घ्या आणि विषय बदला.

पायरी २: सकाळचा पहिला तास रिकामा करा

थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. या 'काही नाही'मध्ये चहासुद्धा आला. हे मराठी घरात पटवणं सगळ्यात अवघड. माझ्या आईने पहिले सहा महिने "अगं, नुसता चहाच तर आहे, खाणं कुठेय?" असं रोज म्हटलं. चहा, कॉफी, दूध, हळदीचं दूध, लिंबू-मध पाणी, सर्दीचा काढा, सगळं त्या तासानंतर.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. त्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. अँटासिडचंही तसंच. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावं, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे ही गोळी माणसं औषधात धरतच नाहीत.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. पाण्याबरोबर घ्यायची आहे, उपवास मोडत नाही. उलट चतुर्थीला पोट रिकामं असतं, तो दिवस तिला मानवतोच. सकाळी शाळेचे डबे, शिफ्ट, पाण्याची वेळ यात तास मिळतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान ३ तासांनी घेता येते. कुठलीही एक वेळ धरा आणि तीच ठेवा. एखादा दिवस राहून गेली तर आकाश कोसळत नाही, ते सात दिवसांचं घड्याळ इथे कामाला येतं.

आता यात ॲलर्जीची गोळी कुठे बसवायची? सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन यांचं थायरॉक्सिनशी भांडण नाही. तरी मी ती रात्री घेते. एक तर तिने थोडी झोप येते, आणि पहाटेच्या शिंका नाकासाठी सगळ्यात वाईट असतात, तेव्हा तिचा अंमल चालू असतो. फेक्सोफेनाडिन असेल तर ते फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, कमी शोषलं जातं. बिलास्टिन जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. चिठ्ठीवर डॉक्टर हे लिहीत नाहीत, मेडिकलवाले सांगत नाहीत, आणि आपण 'गोळी लागू पडत नाही' म्हणून ब्रँड बदलत बसतो.

बाटली ठेवायची कुठे, हेही सांगून टाकते. थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि दमट हवा सोसत नाही. गॅसच्या वरच्या फळीवर नको, बाथरूमच्या कपाटात नको, उन्हातल्या गाडीच्या कप्प्यात तर मुळीच नको.

पायरी ३: नाकाचा स्प्रे नीट शिका

कायमच्या ॲलर्जीसाठी डॉक्टर बहुधा फ्लुटिकॅसोन किंवा मोमेटॅसोनचा स्प्रे देतात. नावात स्टेरॉइड ऐकलं की माणूस घाबरतो, त्यात थायरॉइडवाला दुप्पट. पण नेहमीच्या डोसमध्ये हे औषध नाकापुरतं राहतं, रक्तात अगदी नगण्य जातं. त्याने थायरॉइडचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते मारण्यात. मी चार वर्षं चुकीचा मारला. मान मागे टाकायची, नळी सरळ आत, दाबायचं आणि जोरात ओढायचं. सगळं औषध घशात, घसा कडू आणि नाकातून अधूनमधून रक्ताची रेघ. मग एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून करून घेतलं. ते असं:

आधी नाक हलकं शिंकरून घ्या. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हवेत काही फवारे सोडून धार नीट येते का बघा. मान किंचित पुढे, पायाची बोटं बघत असल्यासारखी. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. अशाने नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. दाबताना नुसता फुलाचा वास घेतल्याएवढा श्वास. घशात चव आली तर फार जोरात ओढलंत. नंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरायचं नाही.

एवढं करूनही पहिल्या दिवशी चमत्कार होत नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. हे औषध नाकाचं असलं तरी घड्याळ थोडं थायरॉइडसारखं आहे. तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून कपाटात टाकलेले स्प्रे मी घरोघरी पाहिले आहेत.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, जलनेती म्हणा हवं तर, याचा मला फार उपयोग झाला. पाव लिटर पाण्याला अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका, त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. ते क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. आधी धुणं, मग थोड्या वेळाने स्प्रे. उलट केलंत तर औषध बेसिनमध्ये.

पायरी ४: मेडिकलच्या काउंटरवर थायरॉइडचं नाव घ्या

"काका, सर्दीची गोळी द्या." "ही घ्या ताई, एका गोळीत बंद." असा हा व्यवहार असतो. त्या एका गोळीत बहुतेक वेळा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, जुन्या पिढीतलं क्लोरफेनिरामिन, आणि नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन. हे शेवटचं औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे रक्तदाब आणि धडधड वाढू शकते. ग्रेव्ह्ज असेल, किंवा हाशिमोटोत थायरॉक्सिनचा डोस जास्त होऊन आधीच छाती धडधडत असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. असल्या औषधांच्या माहितीपत्रकात थायरॉइडचा इशारा असतो, पण ते वाचणार कोण! क्लोरफेनिरामिनने दिवसभर गुंगी, तोंड कोरडं आणि बद्धकोष्ठ. हार्मोन कमी असलेल्याला यातलं आधीच काय कमी असतं?

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, आणि तेच त्यांचं आमिष. ३ ते ५ दिवसांच्या पुढे गेलात की थेंब सोडले की नाक जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब. असे वर्षानुवर्षं खिशात बाटली बाळगणारे लोक आहेत.

मॉन्टेल्युकास्ट आणि लिव्होसेटिरिझिनची जोडगोळी आपल्याकडे चुरमुऱ्यांसारखी खपते. मॉन्टेल्युकास्टने काही जणांना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आणि नुसत्या ॲलर्जिक ऱ्हायनायटिससाठी ते दुसरं काही लागू पडत नसेल तरच वापरा असं सांगितलं. आपल्यासाठी घोळ असा की उदासी थायरॉइडनेही येते. ही गोळी सुरू झाल्यावर मन बदललं असं वाटलं तर तारीख टिपा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. थायरॉइडच्या पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

सर्दीसाठीचं 'सहा महिने बघायला नको' इंजेक्शन म्हणजे बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड. मोठ्या डोसचं स्टेरॉइड टीएसएचचा आकडाही खाली ओढतं, त्या काळातल्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. नाकासाठी ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक तज्ज्ञांचंही.

काढे आणि घरगुती औषधांबद्दल सबुरीने बोलते, कारण आमच्याकडेही तुळस-आल्याचा काढा होतोच आणि तो घशाला बरा वाटतो. पण तयार पुड्यांवरची नावं वाचा. अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, थायरॉक्सिनबरोबर घेतली तर कुणाचा परिणाम कुठला ते कळेनासं होतं. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल 'थायरॉइडसाठी नैसर्गिक आयोडीन' म्हणून विकतात. हाशिमोटोत जादा आयोडीनने ग्रंथी आणखी सुस्तावते. स्वयंपाकातलं नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा, ते बदलून सैंधव आणायची गरज नाही. घसा खवखवला की पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या करायची सवय असेल तर मात्र ती दोन-चार दिवसांत आवरा. आठवडेच्या आठवडे केल्या तर त्यातलं आयोडीनही शरीरात जातं. साध्या मिठाच्या पाण्याने तेवढंच काम होतं.

थायरॉइडवाल्यांना वर्ज्य म्हणून सांगतात ते कोबी, फ्लॉवर शिजवून खा, काही होत नाही.

पायरी ५: घर आवरा, पण झोपायच्या खोलीपासून

धुळीतले माइट्स हे डोळ्यांना न दिसणारे कोळ्याच्या जातीचे जीव. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि पाणी हवेतून ओढून घेतात. म्हणून हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे हाल होतात, आणि पावसाळ्यात त्यांची दिवाळी असते. त्यांची वस्ती गादी, उशी, गोधडीत. बैठकीची खोली आरशासारखी पुसून ठेवली आणि आठ तास जुन्या कापसाच्या उशीवर तोंड खुपसून झोपलं, तर काय उपयोग?

चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्याला एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात. मशीनवर ते बटण असतं, कुणी दाबत नाही एवढंच. उशी-गादीला घट्ट विणीची, चेनवाली खोळ. गादीला ऊन देणं ही आपली जुनी रीत उत्तम, ऊन आणि कोरडी हवा माइट्सना मारते. पण मेलेल्या माइट्सचे अवशेष आणि विष्ठाही शिंका आणतात, म्हणून ऊन दिल्यावर गच्चीतच झोडपून काढा. झोडपणारे तुम्ही नसाल तर बरं.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात एक चूक घरोघरी होते. माझ्याही घरी व्हायची. कपडे वाळत नाहीत म्हणून बेडरूममध्ये पलंगावर दोऱ्या बांधून पंख्याखाली वाळवायचे. आठ-दहा ओल्या कपड्यांचं पाणी त्याच खोलीच्या हवेत. ऑगस्टपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, आणि माझं नाक बंद. दोरी बाहेरच्या खोलीत नेली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. पुढच्या पावसाळ्यात नाक पूर्ण सुटलं नाही, पण रात्री तोंड उघडं टाकून झोपणं थांबलं.

केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, फडताळं कोरड्या फडक्याने झटकू नयेत. गणपतीचं मखर माळ्यावरून काढणं, दिवाळीआधीची साफसफाई, लग्नाच्या जुन्या साड्यांची ट्रंक, ही तीन कामं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. जमत नसेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, आणि त्या दिवशीची ॲलर्जीची गोळी काम सुरू व्हायच्या आधी घ्या. उदबत्ती, धूप, मिरचीची फोडणी ही ॲलर्जी नसते, नुसती जळजळ असते. पण आधीच सुजलेल्या नाकाला तेवढा फरक कळत नाही. देवघरात मी आता फक्त निरांजन लावते. देवाची तक्रार आलेली नाही.

गाजरगवत पावसानंतर फोफावतं, मोकळ्या प्लॉटवर आणि रस्त्याच्या कडेला. त्याची पांढरी बारीक फुलं दिसायला लागली की सकाळचं फिरणं त्या बाजूने नको. सोसायटीत उपटायचं असेल तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून. त्वचेलाही ते खाजवतं.

पायरी ६: रक्त कधी द्यायचं

डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबा. दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी द्या. टीएसएच रात्री-पहाटे जास्त असतो आणि दुपारकडे उतरतो, त्यामुळे एकदा सातला आणि एकदा दुपारी दोनला दिलेलं रक्त ताडून बघण्यात अर्थ नाही. त्या सकाळची थायरॉक्सिनची गोळी बहुतेक जण रक्त दिल्यावर घेतात. तापाने फणफणलेले असाल किंवा मोठ्या आजारातून उठत असाल तर साधी ठरलेली तपासणी पुढे ढकला.

आता बायोटिनचा किस्सा. थायरॉइडमुळे केस गळतात, आणि केस गळले की कुणीतरी बायोटिन सुचवतंच. मीही दोन महिने रंगीत, गोड गोळ्या चघळल्या. मग रिपोर्ट आला: टीएसएच एकदम खाली, फ्री टी४ वर. कागदावर मला थायरॉइड जास्त झाला होता. अंगाने मात्र मी होते तशीच, धडधड नाही, हात कापत नाहीत, वजन जागच्या जागी. डोस कमी करायचं लिहूनही झालं होतं. निघता निघता डॉक्टरांनी विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?" बायोटिन शरीराला काही करत नाही, तपासणीच्या रसायनाला फसवतं. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. आठवडाभर गोळ्या बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, सगळं जागेवर. तपासणीआधी किमान दोन दिवस, मोठा डोस असेल तर त्याहून जास्त, बायोटिन बंद हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरही ते नाव शोधा.

पायरी ७: थकवा कुणाचा, ते वहीला विचारा

हा सगळ्यात चिकट भाग. थकवा थायरॉइडने येतो. रात्रभर नाक बंद राहून झोप मोडल्यानेही येतो. ॲलर्जीच्या गोळीच्या गुंगीनेही. लोह किंवा बी-१२ कमी असल्यानेही, आणि तेही आपल्याकडे घरोघरी. आरशात बघून यातलं कुठलं ते कळत नाही.

मी साधी शंभर पानी वही केली. रोज एक ओळ: झोप कशी, सकाळच्या शिंका किती, दुपारचा थकवा दहापैकी किती, नवीन काय घेतलं. महिन्याभरात नक्षी दिसायला लागली. नाकाचा थकवा वाईट रात्रीनंतर येतो आणि चांगल्या रात्रीनंतर जातो. गुंगीचा थकवा सकाळी सगळ्यात जास्त आणि जेवणापर्यंत उतरतो. थायरॉइडचा थकवा असा चढत-उतरत नाही. तो आठवडेच्या आठवडे एका पट्टीत राहतो आणि बरोबर थंडी वाजणं, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, पाळीचा घोळ घेऊन येतो. हा माझ्या वहीचा निष्कर्ष, तुमची वही वेगळं सांगेल.

वहीचा एकच नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्या एका मैत्रिणीने एकाच सोमवारी गहू सोडला, ॲलर्जीची गोळी बदलली, नवी गादी आणली आणि थायरॉक्सिनचा वाढलेला डोस सुरू केला. तिला बरं वाटलं. कशाने, ते आजतागायत माहीत नाही, आणि बिचारी अजून पोळी खात नाही. (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणारा सीलिएक आजार थायरॉइडवाल्यांत थोडा जास्त आढळतो, त्याची रक्ततपासणी असते. ती गहू सोडण्याआधी करायची असते, नंतर नव्हे.)

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं हे घरच्यांनी सांगितलं तर मनावर घ्या. चोंदलेलं नाक आणि कमी थायरॉइड, दोघंही त्याला हातभार लावतात.

पायरी ८: ॲलर्जीची चाचणी आणि लस

कशाची ॲलर्जी आहे ते कळायला हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. थायरॉक्सिन बंद करायचं नाही. 'सगळ्या गोळ्या बंद' असं कुणी मोघम सांगितलं तर पुन्हा विचारा.

लस, म्हणजे इम्युनोथेरपी, ३ ते ५ वर्षांचं काम आहे. ऑटोइम्यून आजार आटोक्यात नसेल तर ती सुरू करत नाहीत. हाशिमोटो गोळीवर स्थिर असेल तर तज्ज्ञ फायदा-तोटा तोलून ठरवतात. म्हणून थायरॉइडची फाइल बरोबर न्या, 'त्याचा याच्याशी काय संबंध' म्हणून घरी ठेवू नका. ग्रेव्ह्जवाल्यांनी धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तेही सांगावं. लसीची जोरदार रिॲक्शन आली तर जे ॲड्रेनॅलिन देतात, ते या औषधामुळे नीट लागू पडत नाही. लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, घाई असली तरी.

गर्भधारणेचा विचार असेल तर तो दोन्ही डॉक्टरांना आधीच सांगा. दिवस राहिल्यावर थायरॉक्सिनची गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते, आणि सर्दीच्या औषधांची यादीही बदलते.

कधी थांबायचं नाही

एकाच नाकपुडीतून सतत रक्त किंवा घाण वासाचा स्राव, ताप आणि डोळ्याभोवती सूज, श्वासात शिट्टीसारखा आवाज किंवा छाती भरून येणं, गळ्यावर वाढती गाठ, आवाज आठवडेच्या आठवडे घोगरा, गिळताना अडकणं. विश्रांतीतही छाती धडधडणं. खूप थंड पडणं, गुंगीत जाणं, बोलणं असंबद्ध होणं. यात वही, आठवडे, घड्याळ काही नाही, सरळ डॉक्टर गाठा.

मी पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवते, कुठल्याही नव्या डॉक्टरला दाखवायला. त्यावर दोन्ही आजारांची पूर्ण नावं, थायरॉक्सिन किती मायक्रोग्रॅम आणि कधीपासून, स्प्रेचं नाव, कशाने शिंका येतात, कुठल्या गोळीने गुंगी येते. मागच्या बाजूला पुढच्या टीएसएचची तारीख लिहिते. ती मात्र पेन्सिलने, कारण दर वेळी आठवडाभर तरी पुढे जातेच.